मदत हवी आहे : लेकीच्या दाढेसाठी लेझर की नुसतं सीलंट (खाचा बुजवणारा पातळ थर)?

नमस्कार मंडळी. माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या नव्या दाढेच्या खाचेत काळसर रेघ दिसतेय. डॉक्टरांनी ६५५ नॅनोमीटरच्या लाल लेझरने तपासलं, दाताच्या चमकेचा आकडा २४ आला. कीड असली की दात त्या प्रकाशात जास्त चमकतो, पण नुसत्या डागानेही आकडा चढतो ना? मग दाढ नीट साफ करून पुन्हा मोजायला सांगू का?

कीड निघालीच तर ड्रिलऐवजी अर्बियम लेझरने (हा वेगळा, किडलेला भाग काढणारा लेझर) काढू म्हणतात. ड्रिलच्या आवाजानेच पोर थरथरते, सुईचं तर नावच नको, म्हणून मला हे फार हवंसं वाटतंय. लहान मुलांचं कुणी करून घेतलंय का? भूल द्यावी लागली? पुण्यात साधारण खर्च किती? की आधी सीलंट लावून थांबावं? कृपया अनुभव सांगा.