पुण्याच्या पार्टीला जमीन द्यावी, की गावानंच जंगल-लॉज काढावं?

गव्यांचा शेजारी (राधानगरी तालुका)

राम राम मंडळी. आमचं गाव अभयारण्याच्या हद्दीला लागून. भावकीची मिळून थोडी मालकीची जमीन आहे, समोर धरणाचं पाणी, मागं जंगल. पुण्याची एक पार्टी ती तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मागतेय, महागडं रिसॉर्ट काढायला. पोरांना नोकऱ्या देऊ म्हणतात. म्हणजे वॉचमन आणि भांडी, एवढं आम्हालाही कळतं.

मधे केनियातल्या इल न्ग्वेसीबद्दल वाचलं. मसाई लोकांच्या सामाईक जमिनीवर त्यांच्याच मालकीचं लॉज, १९९६ पासून. खोल्या जेमतेम सहा, पण पाहुणे पैसेवाले. मिळकत पोरांच्या फीला, दवाखान्याला, पाण्याला. प्राणी राखायला गावचीच माणसं. आपण सोसायटी काढून असं काही केलं तर? गवा एका रात्रीत नाचणी तुडवून जातो आणि पंचनाम्यामागं आम्ही हिंडत बसतो. त्याच्या नावानं चार पैसे आले तर शिव्या तरी कमी देऊ.

रंकाळ्यावरचा

नाद खुळा आयडिया भावा. पण सोसायटी म्हटली की आधी पॅनेल पडणार, मग पाया. चेअरमन कोण ते आधी ठरवा.

निवृत्त लेखापरीक्षक

वरच्यांनी चेष्टा केली, पण खोटं नाही बोलले. माझी नोकरी सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी जमीन. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला जंगल राखायचा, वाढवायचा सामूहिक हक्क मिळू शकतो. त्यात लॉज बांधायचा हक्क येत नाही. त्या कायद्याखाली वनजमीन मिळते ती शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा कामांना, आणि प्रत्येकी एक हेक्टरच्या आत. तेव्हा तुमचा सातबारा हाच काय तो आधार. त्यावरही इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे अभयारण्याभोवतीचा निर्बंधांचा पट्टा, बघावा लागेल. अशा अधिसूचनांत साधारणपणे हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवं हॉटेल चालत नाही, पर्यटनासाठी छोट्या तात्पुरत्या बांधकामाला तेवढी सूट असते. तुमच्या गट नंबरला काय लागू आहे ते वनखात्याकडून लेखी घ्या. पुण्याच्या पार्टीलाही हाच नियम आहे. त्यांनी तो तुम्हाला सांगितला का?

आता सोसायटी. १९६० च्या सहकार कायद्यानं वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण लागतात, म्हणजे एकट्या भावकीवर भागेलच असं नाही. शेअर कितीही घ्या, मत एकच. निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीला जातो, लाभांश शेअरच्या रकमेवर पंधरा टक्क्यांच्या वर वाटता येत नाही. पण माझा खरा मुद्दा असा, की नफ्यावर विसंबूच नका. एका संस्थेच्या विश्रामगृहाचं दप्तर मी तपासलं होतं. पाहुण्यांच्या रजिस्टरात पानोपानी तांबड्या शाईनं शेरा: 'मा. संचालक यांचे पाहुणे, बिल नाही.' मटणाच्या ताटांची व्हाउचरं मात्र जाडजूड, निम्म्यांवर सही नाही. खोल्या भरलेल्या आणि ताळेबंदात तोटा!

म्हणून गावाचा वाटा खोलीभाड्यावर ठेवा. नामिबियात १९९६ च्या कायद्यानं गावांना वन्यजीवांवर हक्क मिळाले. तिथं टोरा नावाच्या लोकसंस्थेच्या जमिनीवर डमारालँड कॅम्प आहे. चालवायला कंपनी, आणि मूळ करारानं गावाला खोलीभाड्याच्या दहा टक्के. कंपनीनं खर्च कितीही फुगवला तरी खोली विकली की गावाचा पैसा बाजूला पडतो. पोटनियमात लिहा: दर मुक्कामामागं इतकी रक्कम गव्यानं केलेल्या नुकसानीच्या निधीला, वेगळ्या बँक खात्यात, पगार आणि डिझेलच्या आधी. पार्टीलाच जमीन द्यायची ठरली तरी हेच कलम मागा.

सहलवाली, राजारामपुरी

काकांचा हिशेब पटला, पण गिऱ्हाईक कुठून आणणार दादा? केनियात उघड्या माळावर प्राणी लांबून दिसतात. आपलं रान दाट. गवा त्याच्या मर्जीनं दिसतो, शेकरू दिसलं तर दिसलं, आणि पावसाळ्यात जंगल बंद. कोल्हापूरचा माणूस सकाळी दाजीपूरला निघतो आणि रात्री तांबडा-पांढऱ्याला घरी असतो, तो कशाला मुक्कामाचे भारी पैसे मोजेल? मोजणाऱ्याला स्वच्छ बाथरूम, शांतता आणि पक्ष्यांची नावं सांगणारा गावचा पोरगा लागतो. काजव्यांच्या दिवसांत मी माणसं नेते तेव्हा निम्मा वेळ मोबाईलचे टॉर्च बंद करा म्हणून ओरडण्यात जातो.

इल न्ग्वेसीच्या शेजारी लेवाचं मोठं संरक्षित क्षेत्र आहे, सुरुवातीला त्यांचा हात होता. आणि तिथल्या लोकांनी जमिनीचा मोठा भाग गुरांना बंद करून प्राण्यांना सोडला. तुमचं गाव चराईचं रान सोडेल का? हे आधी बायकांना विचारा, म्हशी त्याच बघतात. आणि २०२० मधे कोरोनात जगभरची लॉजं ओस पडली होती, म्हणून दुधाचा रतीब मोडू नका. दोन खोल्या, चार गाईड, एवढ्यावर एक हंगाम काढून बघा.

गव्यांचा शेजारी

काका, ताई, आभार. भावकीत सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. तांबड्या शाईवर थोरले चुलते लई हसले, ते स्वतः दूध संस्थेत संचालक होते. चराईचा विषय मात्र आईनं एका वाक्यात उडवला: वरचं रान द्या, ओढ्याकाठचं नाही. आणि पार्टीला खोलीभाड्यावर टक्केवारी मागितली, तेव्हापासून त्यांचा माणूस फोन उचलत नाही.

निवृत्त लेखापरीक्षक

उचलेल. तोवर कराराच्या मसुद्याचा फोटो इथं टाका, नावं झाकून. मुदतवाढीचं कलम आधी बघू, तीस वर्षांची साठ तिथंच होतात. आणि आईसाहेबांचं वाक्य इतिवृत्तात घ्या.