मदत हवी आहे: अर्थिंग किट, कॉइल, इरिडियम प्लग टाकल्यावर गाडी खरंच उचलते का? (लवकर सांगा)

घाटात_अडकलो
मंडळी, घाईत विचारतोय. नाना पेठेत एका दुकानात अर्थिंग किट (इंजिन-बॅटरीचा अर्थ जोडणाऱ्या जाड पिवळ्या वायरी, पाच नग), हाय परफॉर्मन्स कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) आणि इरिडियम प्लग असं सगळं मिळून 6200 सांगितलेत, लावून देणार. शनिवारी पहाटे महाबळेश्वरला निघायचंय. गाडी उचलत नाही, मध्येच मिस करते. दुकानदार म्हणतो, किट टाकलं की गाडी पळत नाही, उडते. घेऊ का नको, एवढंच सांगा. निबंध नकोत.

दहा_नंबरचा_पाना
गाडी कुठली?

बायपास_बादशहा
बिनधास्त घ्या. मी दोन वर्षांपूर्वी किट टाकलं. पिकअपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. हेडलाइट पांढराशुभ्र, सेल्फ एका टचला, टॉप स्पीड पाचने वाढला. ज्यांनी आयुष्यात किट हातात धरलं नाही ते आता येऊन फिजिक्स शिकवतील. लक्ष देऊ नका.

शनिवारपेठी
उडते म्हणाला असेल तर लोहगावला विमानतळावर न्या. अहो, साल काय, कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन, किती किलोमीटर झाली, मिस कधी करते? थंड असताना, तापल्यावर, पावसात, चढाला? डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय, गोळी घेऊ का" एवढंच विचारता का?

घाटात_अडकलो
दीडशे सीसी बाइक, 2011, कार्ब. कंपनी मुद्दाम लिहीत नाही. मागच्या धाग्यावर कंपनीवरूनच जुंपली आणि माझा प्रश्न तसाच राहिला. प्लग दोन आहेत एवढं सांगतो. मिस कधीही करते.

दहा_नंबरचा_पाना
दोन प्लग म्हटल्यावर झाकलं काय आणि उरलं काय. बरं, दुकानदाराने हिशोबात प्लग किती धरलेत?

घाटात_अडकलो
एक.

दहा_नंबरचा_पाना
आणि दुसरा देवाला वाहायचा?

हेल्मेटवाला_कर्वेनगर
महाबळेश्वरला जाताय तर हेल्मेट घाला. मागे बसणाऱ्यालाही. पुणेकरांना हे सांगून थकलो.

ओहमचा_नियम
निबंध नको म्हणालात, पण 6200 वाचणार असतील तर वाचा.

कॉइल कितीही "हाय परफॉर्मन्स" असली तरी प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जेवढं व्होल्टेज लागतं, तेवढ्यावर ती चढते आणि तिथेच थांबते. ठिणगी पडली की काम झालं. मिश्रण आधीच नीट पेटत असेल तर दुप्पट ताकदीच्या ठिणगीने ते दुप्पट पेटत नाही. चूल पेटवायला काडी वापरा नाहीतर मशाल, भाकरी तेवढीच भाजते. मोठ्या कॉइलचा फायदा कधी? फट मोठी असेल, कॉम्प्रेशन वाढवलं असेल, मिश्रण फार लीन (पेट्रोल कमी) असेल आणि मूळ कॉइल कमी पडत असेल तेव्हा. 2011 च्या दीडशेला यातलं काहीही लागू नाही. उलट धोका आहे. सीडीआय आणि टीसीआय हे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे दोन प्रकार; त्यांच्या कॉइल दिसायला सारख्या, पण प्रायमरी रेझिस्टन्स वेगळा. कमी ओहमची कॉइल टीसीआयला लावली तर जास्त करंट खेचते आणि युनिट जाळते.

इरिडियम चांगला असतो. बारीक टोकामुळे ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं, आणि टिकतो जास्त. ताकद वाढत नाही. आणि टाकायचेच तर दोन्ही टाका, रेझिस्टरवालेच. बिनरेझिस्टर प्लगच्या गोंगाटाने इलेक्ट्रॉनिक्स वेडंवाकडं वागतं.

अर्थिंग हा मात्र खरा मुद्दा आहे. जोडावर गंज बसून 0.1 ओहम जरी वाढला, तरी 5 अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच गेला. सेल्फ मारताना करंट याच्या कितीतरी पट असतो. इंजेक्शनच्या गाडीत तर अर्थ खराब झाला की सेन्सरची रीडिंगही चुकतात. पण जोड मुळात चांगला असेल तर त्याला समांतर आणखी पाच वायरी लावून काही मिळत नाही.

बायपास_बादशहा
बघा, आलं फिजिक्स. मग माझ्या गाडीला फरक कसा पडला ताई?

ओहमचा_नियम
किट लावताना मेकॅनिकने जुने अर्थचे बोल्ट उघडले, घासले, नवीन थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) टाकून आवळले. फरक तिथे पडला. घासून तीच जुनी वायर परत लावली असती तरी पडला असता. टॉप स्पीड कुठे मोजलात?

बायपास_बादशहा
म्हणजे फरक पडला ना! मग? मोजला कात्रज बायपासला, पहाटे, एका ट्रकच्या मागे निवांत चालवत.

शनिवारपेठी
ट्रकच्या मागे?? अहो, हवा ट्रकने कापली, श्रेय पिवळ्या वायरीला!

चिंचवडचा_नोकरदार
नीट मोजायचं तर चासी डायनो (चाकावरची ताकद मोजणारं यंत्र) लागतो. एआरएआय (गाड्या तपासणारी संस्था) आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे, तिथे नेऊन तपासून घ्या की. 1966 पासूनची संस्था आहे.

दहा_नंबरचा_पाना
ते कंपन्यांच्या गाड्यांचं काम करतात. तुम्ही-आम्ही तिकडे जातो ते टेकडीवर फिरायला.

कायद्याचं_बोला
मोटार वाहन कायदा कलम 52 वाचा. गाडीत बदल करणे बेकायदेशीर.

ओहमचा_नियम
ते आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत होतील अशा बदलांबद्दल आहे. प्लगचा नंबर आरसीवर कधी बघितलात?

सहा_व्होल्ट
माझ्याकडे येझदी आहे. म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद पडला, त्याच्या बऱ्याच आधीची. पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे यांत्रिक संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आणि गाडीने कातच टाकली. पॉइंटचं कसं असतं, टाच झिजते, फट बदलते, फट बदलली की टायमिंग सरकतं. दर काही महिन्यांनी प्लगचं पुडकं, पॉलिश पेपर आणि फीलर गेज घेऊन रस्त्याकडेला बसा. आता हे सगळं बंद. तेव्हा "इग्निशन बदलून फरक पडत नाही" हे मला मान्य नाही. जाता जाता विचारतो, दुसऱ्या गाडीला अजून पॉइंटच आहेत, त्याला नवीन कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा) लावला तरी पॉइंट काळे पडतात. कंडेन्सर डुप्लिकेट असेल का?

ओहमचा_नियम
काका, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. पण तिथे झिजणारी वस्तू जाऊन न झिजणारी आली. यांच्या गाडीत ती कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक आहे.

इथेनॉल_विरोधक
कॉइल-बिइल काही नाही. ई20 पेट्रोल (20 टक्के इथेनॉलवालं). इथेनॉल पाणी ओढतं, उभ्या गाडीच्या टाकीत तळाला साचतं, जुने रबरी भाग खराब होतात. कार्ब उघडा, फ्लोट बोल (कार्बची पेट्रोलची वाटी) बघा. नंतर माझे आभार माना.

दहा_नंबरचा_पाना
प्रत्येक धाग्यावर ई20. परवा एकाने गिझर गरम होत नाही म्हणून विचारलं होतं, तिथेही तुम्हीच.

धागाकर्ते कुठे गेले?

घाटात_अडकलो
ऑफिसमध्ये होतो. कार्ब मागच्याच महिन्यात साफ केलाय, एअर फिल्टर नवीन. मंडळी, हो की नाही? उद्या संध्याकाळपर्यंत किट ठेवतो म्हणालाय. आणि आज परत सिंहगड रोडला हॉर्न वाजवला आणि गाडी बंदच पडली.

शनिवारपेठी
हॉर्न वाजवला आणि बंद पडली??

घाटात_अडकलो
हो, हॉर्न वाजवला की मिस करतेच ना. फॉग लॅम्प चालू असतील तर जास्त. म्हणून तर म्हटलं, कधीही. सिंहगड रोडला हॉर्न कधी वाजवत नाही आपण?

दहा_नंबरचा_पाना
कपाळ माझं. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! फॉग कधी लावले? कोणी?

घाटात_अडकलो
जूनमध्ये. फॉग, मोठा हॉर्न आणि मोबाइल चार्जर, एका ॲक्सेसरीवाल्याकडून. मिस त्यानंतरच सुरू झालं बहुतेक. त्याचा काय संबंध?

ओहमचा_नियम
सगळाच संबंध. तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रिकच्या सामानाचा बाजार) साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशावर, वायरच्या थिंबलवर नाही. आता सेल्फ मारा, आकडा बघा. 0.2 च्या आत असेल तर अर्थ ठीक. अर्ध्याच्या वर गेला तर चोर सापडला. मग हॉर्न दाबून, फॉग लावून परत बघा. बॅटरीवरही बघा: बंद गाडीला साडेबाराच्या आसपास, रेस दिल्यावर चौदाच्या जवळ हवेत. ते नसेल तर एवढ्या लाइटांना मॅग्नेट (इंजिनवर वीज बनवणारा भाग) पुरत नाहीये, आणि त्यावर किट हा इलाज नाही.

बायपास_बादशहा
मल्टिमीटरचे पैसे घालण्यापेक्षा किटच घ्या की.

घाटात_अडकलो
(शुक्रवार, रात्री) केलं. सेल्फ मारताना 1.1 आला! बॅटरीची काळी वायर इंजिनला जिथे लागते, तो बोल्ट उघडला. ॲक्सेसरीवाल्याने फॉगची आणि हॉर्नची वायर थिंबल न लावता, नुसती पिळून, आपल्या जाड थिंबलच्या खाली दाबली होती. सगळं हिरवं-पांढरं झालेलं, आणि बोल्ट हाताने फिरला. पॉलिश पेपरने घासलं, नवे थिंबल लावले, आवळून वर ग्रीस चोपडलं. आता 0.14. फॉग लावून हॉर्न पाच मिनिटं वाजवला. गाडी एकदाही मिस नाही, फक्त खालच्या काकू वर आल्या.

एका प्लगची कॅपही तडकलेली निघाली. ती बदलली, आणि साधे प्लग दोन्ही नवीन. मल्टिमीटर धरून हजाराच्या आत. ताई, पाना, मनापासून धन्यवाद. रेस दिल्यावर 14.1 आहे.

पण आता एवढं झालंच आहे, तर इरिडियम टाकू का? उचलेल अजून?

दहा_नंबरचा_पाना
झोपा आता. पहाटे निघायचंय ना. आणि घाट चढल्यावर थोडी जड वाटली तर परत धागा काढू नका. पुणे साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. विरळ हवेत कार्बवाली गाडी थोडी रिच (पेट्रोल जास्त) चालणारच.

बायपास_बादशहा
इरिडियम जरूर टाका. शिवाय माझ्याकडे एक किट जास्तीचं पडलंय, पॅक आहे. निम्म्यात देईन. व्यनि (खासगी निरोप) करा.

शनिवारपेठी
अच्छा, हे असं आहे तर.

सहा_व्होल्ट
माझ्या कंडेन्सरचं कोणी सांगितलंच नाही.