कॉन्टॅक्ट शीट दाखवावी की झाकावी?

सदाशिवपेठी: बाबांच्या ट्रंकेत १९८६च्या पालखीची कॉन्टॅक्ट शीट सापडली. निगेटिव्हच्या सहा पट्ट्या थेट कागदावर ठेवून काढलेले ३६ चिमुकले फोटो. लकडी पुलावरच्या म्हातारीचा जो फोटो आमच्या भिंतीवर आहे, तो २३वा. त्याआधीच्या सातही फ्रेम तिच्याच! कुठे पाठमोरी, कुठे भलत्याच वारकऱ्याचा हात मध्ये, १८व्यात छत्री. लाल पेन्सिलीची खूण एकालाच. इतकी वर्षं मला वाटायचं, बाबांना तो फोटो मिळून गेला. फोटोग्राफरचं डोकं कसं चालतं ते शीटवरच कळतं. प्रदर्शनातही लावाव्यात.

मंडईकर: खरकटं पाहुण्यांपुढे कोण ठेवतं? अमेरिकी फोटोग्राफर डायान आर्बसचा १९६२चा फोटो घ्या, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला, हातात खेळण्यातला बॉम्ब धरून चेहरा वेडावाकडा केलेला मुलगा. शीटवरच्या इतर फ्रेममध्ये तो चारचौघांसारखा मजेत उभा आहे. ती बघितल्यापासून मला त्या फोटोची भीतीच वाटत नाही. माझं तर नुकसानच झालं.

एरंडवणे_३५एमएम: अहो, तिथेच तर आर्बस कळते! वेडावाकडा चेहरा क्षणभराचा, त्यावर बोट ठेवणारी ती. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६त अमेरिकाभर सुमारे २७ हजार फ्रेम काढल्या, 'द अमेरिकन्स' या पुस्तकात घेतल्या ८३. उरलेल्या टाकताना तो काय करत होता, झोपा काढत होता?

कसब्यातला: शीटवर बटण दाबलेलेच क्षण येतात. न दाबलेल्यांचं काय? माझा काका एका रोलमध्ये दोन लग्नं उरकायचा. त्याच्या शीटवरून सर्जनशीलता शोधाल तर रोलची किंमत हाती लागेल. आणि क्युबाचा फोटोग्राफर कोर्डा, त्याने १९६०त क्रांतिकारक चे गेव्हाराच्या दोनच फ्रेम घेतल्या, एक आडवी, एक उभी. खरी करामत नंतरची: आडवीतली झाडाची पानं आणि शेजारचा माणूस कापला, तेव्हा ते चित्र जगभर गेलं. ती कात्री शीटवर कुठे दिसते?

सदाशिवपेठी: कात्रीचं मान्य. पण रोल महाग होता म्हणूनच म्हणतो, ३६तल्या आठ फ्रेम एका म्हातारीवर खर्च करणारा माणूस काहीतरी धरून बसला होता. छत्रीनंतर तर त्यांनी जागाही बदललेली दिसते. बघा, अडथळा आला की कोन बदलायचा, हा विचारच ना?

मंडईकर: की पावसात आडोसा शोधत होते?

सदाशिवपेठी: आत्ताच आईला शीट दाखवली. म्हणाली, "ती छत्री माझी आहे. मीच मध्ये धरली होती. तासभर झाला होता, मला घरी जायचं होतं."