मदत हवी आहे : गरम पाण्याच्या बॉयलरसाठी नवा डिझेल बर्नर कोणता घ्यावा?

परळनिवासी
परळला आमचे २२ खोल्यांचे अतिथिगृह आहे. उपचारांसाठी गावाहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे उतरतात, त्यामुळे पहाटे पाचला गरम पाणी मिळालेच पाहिजे. चार दिवसांपासून बॉयलर कधी दोन मिनिटे पेटून विझतो, तर कधी पेटतच नाही. बर्नर संपला आहे, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. कोणत्या कंपनीचा घ्यावा आणि आमच्या प्लंबरकडून बसवून घेता येईल का, एवढेच कृपया सांगावे. घाई आहे.

वाफाळ
कंपनी नंतर पाहू. बॉयलरच्या पाटीवर क्षमता किती लिहिली आहे? वाफ काढता की फक्त पाणी तापवता? पंपाला डिझेलची नळी एक आहे की परतीची धरून दोन? विझल्यावर तुमच्याकडे नेमके काय केले जाते, हेही लिहा.

नळजोड
डिझेलचा हा त्रास कायमचा संपवायचा असेल, तर पाइप गॅस घ्या. माझ्या मेहुण्याने दादरच्या उपाहारगृहात तो घेतल्यापासून डिझेलचे पिंप पाहिलेले नाही.

परळनिवासी
क्षमता १,००,००० किलोकॅलरी प्रतितास आहे. वाफ नाही, पाणी ६० अंशांपर्यंत तापवतो. नळ्या किती आहेत ते पाहावे लागेल. विझला की रखवालदार बर्नर पुन्हा चालू करायचे लाल बटण दाबतो. सकाळी आठ-दहा वेळा तरी दाबावे लागते. गॅसचे मी विचारलेले नाही.

धुलाईवाला
आमच्या लाँड्रीतही असाच बॉयलर आहे. नवा बर्नर घेताना एक माप मोठे नोझल (डिझेल फवारणारी तोटी) टाकून घ्या, म्हणजे पाणी लवकर तापते. आम्ही तीन वर्षे तसेच चालवत आहोत.

वाफाळ
धुलाईवाले, हा सल्ला कृपया देऊ नका. एक लाख किलोकॅलरी मिळवायच्या, तर ८५ टक्के कार्यक्षमता धरून तासाला सुमारे १४ लिटर डिझेल पुरते. नोझलवर छापलेला आकडा ७ बार दाबावरचा असतो, आणि दाब १० बार ठेवला तर तेच नोझल सुमारे २० टक्के जास्त तेल सोडते. म्हणून येथे तासाला तीन गॅलनचे (सुमारे ११ लिटरचे) नोझल योग्य ठरेल. त्याहून मोठे टाकले, तर ज्योत भट्टीच्या भिंतीवर आदळते, काजळी धरते आणि बरीचशी उष्णता धुराड्यातून निघून जाते. फवाऱ्याचा कोनसुद्धा भट्टीच्या लांबी-रुंदीला जुळला पाहिजे.

परळनिवासी, ते बटण आजपासून कोणी दाबू नये. बर्नर पेटला नाही की कंट्रोलर काही सेकंदांत तेल तोडतो, पण तेवढ्या वेळात फवारलेले डिझेल आत साचते. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर त्यात भर पडते आणि एकदा ठिणगी लागली की सगळे एकदम पेट घेते. अशा भडक्याने बॉयलरचे दार उडालेले मी गिरणीत असताना पाहिले आहे.

कायदेपंडित
बॉयलर कायद्यानुसार बाष्पके संचालनालयाची नोंदणी आवश्यक आहे का, हेही तपासावे. पाणी १०० अंशांखालीच तापत असेल, तर ते उपकरण त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही.

नळजोड
गॅस असता, तर हे काहीच झाले नसते.

वाफाळ
गॅसलाही बर्नर बदलावाच लागेल, वर झडपांची वेगळी जोडणी लागेल ती निराळीच. तोवर पाहुण्यांनी थंड पाण्याने आंघोळ करायची का?

आधी फोटोसेल (ज्योत आहे की नाही हे पाहणारा बर्नरचा डोळा) पुसून पाहा, फिल्टर बदला आणि नळीत हवा शिरते का ते तपासा. पेटून विझण्याचे कारण बहुधा यांतच सापडते. तरीही बर्नर बदलायचाच ठरला, तर प्लंबरचे हे काम नव्हे. फ्लँज (बर्नर दाराला बसवायची चकती) आणि बर्नरच्या नळकांड्याची लांबी जुन्या दाराला जुळायला हवी. एकच नळी असताना पंपातला बायपासचा स्क्रू (तो काढला की जादा तेल पंपातच फिरते) काढायचा राहिला, तर पंपाचे सील फुटते. सुरू केल्यावर धूर मोजणाऱ्या यंत्राने कार्बन डायऑक्साइड ११ ते १२ टक्के आणि काजळीचा आकडा एकच्या आत आणून देईल, असाच माणूस बोलवा. चालू बर्नरचा फोटोसेल काढून झाकला की ज्योत तुटलीच पाहिजे, ही परीक्षा तुमच्यासमोर करून घ्या. आणखी एक विचारायचे राहिले : खोलीत हवा कोठून येते? एक लिटर डिझेल जळायला साधारण दहा घनमीटर हवा लागते.

परळनिवासी
खिडकीवर पावसासाठी लावलेला प्लायवूड अजून तसाच होता, आता काढला. नळ्या दोन आहेत. वीज बंद करून, थंड झाल्यावर बॉयलरचे दार उघडले, तर तळाच्या विटा डिझेलने काळ्या पडून ओल्या झाल्या आहेत, खाली थारोळे साचले आहे.

वाफाळ
तेल चिंध्यांनी टिपून घ्या, चिंध्या इमारतीबाहेर ठेवा. दार-खिडकी उघडी ठेवा, पण साधा पंखा लावू नका, आणि कोणी विडी-काडी पेटवू नये. विटा पूर्ण सुकल्याशिवाय बर्नर कोणीही, मेकॅनिकनेसुद्धा, सुरू करता कामा नये.

परळनिवासी
फ्यूज काढून माझ्याकडे ठेवला आहे. पहाटेसाठी स्वयंपाकघरात दोन मोठी पातेली चढवतो.