घरच्या वर्कशॉपसाठी बंदिस्त लेझर कटर : डायोड घ्यावा की सीओटू?

गावभागकर, सांगली

घराच्या वरच्या मजल्यावरील खोलीत छोटे वर्कशॉप चालवणाऱ्याने बंदिस्त डेस्कटॉप लेझर कटर घ्यायचा झाल्यास २० वॅटचा डायोड लेझर (एलईडीसारख्या छोट्या अर्धवाहक तुकड्यातून निळा किरण काढणारा) घ्यावा आणि काचेच्या नळीच्या सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या, यंत्राच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कारणांसह लिहावे, म्हणूनच हा धागा काढला आहे. माझे काम मुख्यतः लाकडाचे आहे : दारावरच्या नावाच्या पाट्या, रुखवतातील वस्तू आणि श्रावण लागला की गणपतीची मखरे. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची (दाबलेल्या भुशाच्या फळीची), सुटी करून ठेवता येणारी मखरे लोक आवर्जून मागतात.

सीओटू यंत्रावर माझा पहिला आक्षेप पाण्याचा आहे. नळी थंड ठेवण्यासाठी तिच्याभोवती सतत पाणी फिरवावे लागते आणि त्या पाण्याचे तापमान साधारण १५ ते २५ अंशांच्या दरम्यान राखावे लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो. स्वस्त यंत्रासोबत जो चिलर, म्हणजे पाणी थंड करणारी पेटी, म्हणून मिळतो तो पुष्कळदा नुसता रेडिएटर आणि पंखा असतो; तो पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊच शकत नाही, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात नळीची शक्ती उतरते आणि आयुष्यही घटते. कॉम्प्रेसरचा खरा चिलर घ्यावा, तर आणखी एक पेटी जागा अडवते आणि नळीतून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडत बसते.

दुसरा आक्षेप जिन्याचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ हे पूर पाहिलेल्या गावभागातील माणसाला कोणतीही जड वस्तू तळमजल्यावर ठेवावीशी वाटत नाही. सीओटू यंत्रात नळीतून निघालेला किरण तीन आरशांवरून वळून भिंगापर्यंत पोहोचतो, आणि यंत्र एका मजल्यावरून दुसऱ्यावर नेले की हे आरसे पुन्हा जुळवत बसावे लागते. डायोडचे डोके मालावरून पुढे-मागे सरकणाऱ्या गाड्यावरच थेट बसवलेले असते, त्यामुळे जुळवण्यासारखे काही नसते आणि पेटी दोघांना सहज उचलता येते. शिवाय वीज गेली तर डायोड यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर निभावून जाते. चिलर, हवेचा पंप आणि धुराचा पंखा जोडलेल्या सीओटू यंत्राबाबत तसे म्हणता येणार नाही.

पारदर्शक ॲक्रेलिक डायोडने कापले जात नाही हे मला मान्य आहे. तेवढे काम मी कुपवाडच्या एमआयडीसीत जॉबवर्कला देतो.

कुपवाडकर

गावभागकर साहेब, आपण ज्याला तेवढे काम म्हणता तेच काम पैसे देते. सन्मानचिन्हे, दुकानांच्या उठावदार अक्षरांच्या पाट्या, समयांच्या मागचे नक्षीचे फलक, हे सारे ॲक्रेलिकचे असते. सीओटू लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते आणि ॲक्रेलिक ती पूर्ण शोषून घेते, त्यामुळे कापलेली कड पॉलिश केल्यासारखी चकचकीत निघते आणि तिच्यावर पुन्हा हात फिरवावा लागत नाही. डायोडचा ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्याच शीटमधून आरपार निघून खालची जाळी तापवतो. गडद रंगाचे ॲक्रेलिक डायोड कापतो, पण गिऱ्हाईक तुमच्या लेझरची सोय पाहून रंग निवडत नाही.

लाकडाचेही तेच. एमडीएफच्या मखराची जाळीदार कमान ६० वॅटच्या सीओटू यंत्रावर जेवढ्या वेळात निघते त्याच्या कितीतरी पट वेळ डायोड घेतो, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात वेळ हाच माल असतो. पाण्याच्या तक्रारीवर उत्तर सोपे आहे : कॉम्प्रेसरचा चिलर यंत्राच्या किमतीतच धरावा आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच भरावे, ज्याला ते परवडत नाही त्याला यंत्रही परवडत नाही असे समजावे. आरसे जुळवणे ही तर शिकून घेण्याची गोष्ट आहे. आरशासमोर कागदी टेप लावून एक ठिपका जाळायचा, गाडा दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा जाळायचा आणि दोन्ही ठिपके एकावर एक येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. याला घाबरून कोणी यंत्र नाकारल्याचे मी प्रथमच ऐकतो आहे.

आणखी एक. डायोडच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४० वॅट छापलेले असते ते कित्येकदा यंत्र ओढते त्या विजेचे असते. प्रत्यक्ष प्रकाशाची शक्ती त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नसते. विकत घेणाऱ्याने ऑप्टिकल पॉवर किती, हे लेखी मागावे.

खणभागातील सुतार

दोघांनाही नम्रपणे विचारतो, की बंदिस्त यंत्राचा एवढा हट्ट कशासाठी? उघड्या चौकटीचा डायोड लेझर पुष्कळ कमी किमतीत मिळतो, त्याचे सुटे भाग कोणालाही बदलता येतात आणि मोठा प्लाय चौकटीच्या बाहेर सरकवून तुकड्यातुकड्याने कापता येतो. पेटीच हवी असेल तर प्लायचे खोके घरी ठोकून वर पारदर्शक ॲक्रेलिकचे झाकण बसवावे. बंदिस्त यंत्राच्या नावाखाली आपण पत्र्याचे पैसे मोजतो आहोत. आणि वर्षातून दोन महिनेच काम असेल तर कुपवाडला शीट पाठवून कापून आणणे सर्वांत स्वस्त पडते, हेही गावभागकरांनी हिशेबात घ्यावे.

गावभागकर, सांगली

सुतार दादा, पारदर्शक झाकणाबद्दल आधी लिहितो, कारण हा सल्ला वाचून कोणी तसे खोके बनवले तर डोळे गमवण्याची वेळ येईल. ज्या कारणाने डायोड पारदर्शक ॲक्रेलिक कापू शकत नाही, त्याच कारणाने तसले झाकण डायोडचा किरण अडवूही शकत नाही. निळा प्रकाश त्यातून जसाच्या तसा बाहेर येतो आणि डोळ्यात शिरला तर भिंगातून एकवटून थेट दृष्टिपटलावर पडतो. डायोडला नारिंगी किंवा गडद रंगाची, त्या तरंगलांबीसाठी तयार केलेली गाळणकाच लागते. सीओटूच्या झाकणाला मात्र साधे ॲक्रेलिक चालते, आणि म्हणूनच त्या यंत्रांची झाकणे पारदर्शक दिसतात. ती पाहून डायोडलाही तसे झाकण चालेल असा गैरसमज पसरला असावा.

अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर सुरक्षेच्या वर्गीकरणात चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो. तोच लेझर नीट बनवलेल्या पेटीत बसवला आणि झाकण उचलताच किरण बंद पडेल असा इंटरलॉक दिला, की वापरणाऱ्यासाठी ते यंत्र पहिल्या वर्गात येते. आपण पैसे मोजतो ते या फरकाचे. घरात मुले असतील, शेजारी सहज डोकावत असतील, तर मला ही रक्कम जास्त वाटत नाही. इंटरलॉकची तार जोडून टाकून झाकण उघडे ठेवून काम करणारे लोकही आहेत. त्यांनी बंदिस्त यंत्र घेण्यात काही अर्थ नाही.

जॉबवर्कचा हिशेब मोठ्या ऑर्डरीपुरता बरोबर आहे. परंतु एका नावाच्या पाटीतील एक वेलांटी चुकली म्हणून कुपवाडची फेरी मारणे आणि तेथील रांगेत थांबणे हा खर्च कोणी पावतीवर लिहीत नाही.

रुखवतवाली, मिरज

आपली सर्व चर्चा नळी आणि डायोड यांच्याभोवतीच फिरते आहे, आणि घरात लेझर चालवणाऱ्या बाईला रोज ज्याचा सामना करावा लागतो त्या धुराबद्दल अजून कोणी अवाक्षर काढलेले नाही. पेटी प्रकाश अडवते. धूर ती फक्त एका भोकाशी आणून देते, पुढचे आपल्याला पाहावे लागते. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि रेझिन. ते जळताना येणारा वास पडद्यांत, कपड्यांत आणि पिठाच्या डब्यापर्यंत जातो. यंत्रासोबत विकला जाणारा कार्बनचा फिल्टर एमडीएफच्या कामात लवकर भरतो, आणि कार्बन संपला हे डोळ्यांना दिसत नाही, नाकालाच कळते. माझ्या मते फिल्टरवर पैसे घालण्याऐवजी चार इंची नळी खिडकीतून बाहेर काढावी, ती जितकी आखूड आणि सरळ तितकी बरी, आणि पंखा यंत्राजवळ न बसवता खिडकीच्या टोकाला बसवावा, म्हणजे नळीत कोठे फट राहिली तरी धूर खोलीत न येता खोलीतली हवाच आत ओढली जाते. पावसाळ्यात उलट वारा आत येऊ नये म्हणून बाहेर झडप लावावी. खिडकी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरासमोर उघडत असेल, तर डायोड की सीओटू हा प्रश्न दुय्यम आहे. आधी खोली बदलावी.

दुसरी गोष्ट मालाची. थर्माकोल बंद झाल्यापासून सजावटवाले सर्रास सनबोर्ड आणून देतात आणि हे लेझरवर कापून द्या म्हणतात. सनबोर्ड हे पीव्हीसीचे फोम आहे. फ्लेक्स, विनाइलचे स्टिकर आणि बाजारातले बरेचसे रेक्झिनही पीव्हीसीच. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो दमटपणाशी मिळून आम्ल बनतो, आणि छाती, भिंग व यंत्रातील लोखंडी पट्ट्या या तिन्हींना खातो. अनोळखी शीट असेल तर तांब्याची तार गॅसवर लालबुंद करावी, शीटच्या कोपऱ्याला टेकवावी, आणि तारेला चिकटलेल्या प्लास्टिकसह ती पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे आणि ते शीट लेझरखाली जाणार नाही. ही परीक्षा उघड्या जागेत, खिडकीशी उभे राहून करावी.

कुपवाडकर

ताई, धुराबद्दल आपण लिहिले ते शंभर टक्के मान्य. परंतु सनबोर्डला नाही म्हटले की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते आणि तेथे ते कापून मिळतेच. धंद्यात एवढे सोवळे पाळता येत नाही.

रुखवतवाली, मिरज

शेजारच्या दुकानातील यंत्राच्या पट्ट्या जाऊन पाहाव्यात, एवढेच म्हणते. सनबोर्ड कटरच्या पात्याने किंवा सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या फिरत्या पात्याच्या यंत्रावर) स्वच्छ कापला जातो. त्यासाठी लेझर लागतच नाही.

तंबोऱ्याचे गाव

ताईंच्या यादीत मिरजेपुरती एक भर घालतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून वाद्यांच्या छोट्या प्रतिकृतींना मागणी आहे आणि अनेकांना लेझरवर नक्षी काढावीशी वाटते. लाकडावर अवश्य काढावी. मात्र वाद्यांच्या सजावटीत ज्या पांढऱ्या पट्ट्या वापरतात त्या पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात, आणि सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ठिणगी पडताच ते भडकते. बंद पेटीत तर ते मुळीच नेऊ नये. यंत्राजवळ आग विझवण्याचा सिलिंडर ठेवावाच, पण कोरड्या पावडरचा नको, कारण ती पावडर आरशांवर आणि सर्किटवर बसली की आग विझूनही यंत्र वाचत नाही. कार्बन डायऑक्साइडचा घ्यावा. डायोडवाल्यांनाही अखेर सीओटू विकत घ्यावा लागतोच, हा विनोद येथे माफ असावा.

गावभागकर, सांगली

ताईंचे म्हणणे वाचून मी माझ्या मताला एक अट जोडतो : धूर बाहेर काढण्याची सोय नसेल तर कोणतेच यंत्र घरात आणू नये. डायोडबद्दलचे मत मात्र कायम आहे. कुपवाडकरांनी ज्या ॲक्रेलिकच्या कामाबद्दल लिहिले ते काम ज्याच्याकडे रोज आहे त्याने सीओटू जरूर घ्यावा, पण त्याचे वर्कशॉप मग घरातले उरत नाही. त्याला पक्के अर्थिंग हवे, कारण नळीला हजारो व्होल्टचा दाब द्यावा लागतो. त्याला चिलरची जागा हवी. आणि नळी ही झिजणारी वस्तू असल्याने, वापरली नाही तरी ती वर्षांगणिक उतरत जाते, हा खर्चही धरायला हवा. वर्षातून दोन हंगाम काम करणाऱ्याच्या हे सर्वांत जास्त अंगावर येते.

प्लायबद्दल एक गोष्ट राहिली. विक्रेता प्रात्यक्षिकात जो पांढरा, हलका प्लाय कापून दाखवतो तो आपल्या बाजारात मिळणारा नसतो. आपला पाण्याला टिकणारा प्लाय फिनॉलिक गोंदाचा असतो, त्या गोंदाच्या थरावर डायोड अडतो, आणि मध्ये पोकळी आली की तेथे किरण फाकून पाठीमागे जळका डाग पडतो. म्हणून आपल्या वखारीतील तुकडा सोबत नेऊन तोच समोर कापून घ्यावा, आणि तो एका फेरीत सुटतो की तीन फेऱ्यांत, हे मोजावे. ग्लोफोर्जसारखी काही यंत्रे इंटरनेटशिवाय चालतच नाहीत, त्यामुळे नेट बंद करूनही एक काम करून पाहावे.

कुपवाडकर

मग माझ्याकडेच या. तुमच्या वखारीतला प्लाय आणि मखराची एक कमान आणा, माझ्या सीओटूवर आणि तुमच्या पसंतीच्या डायोडवर तीच फाइल एकाच वेळी लावू, आणि मिनिटे मोजून येथे लिहू.

गावभागकर, सांगली

येतो. मात्र दुपारी दोन वाजता येणार, आणि सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर तुमच्या चिलरमधील पाण्याचे तापमानही मिनिटांच्या शेजारीच लिहायचे.