तुम्हाला असं काय येतं, जे सहसा कुणाला येत नाही?

नोकरीच्या अर्जात लिहायला जागा नसते, पदवीच्या कागदावर दिसत नाही, पण गरज पडली की चार माणसं आपल्यालाच शोधत येतात, असं एखादं ज्ञान बऱ्याच जणांकडे असतं. त्याबद्दल इथे लिहा. विनंती एवढीच की ‘मला जमतं’ म्हणून थांबू नका. कुणाकडून शिकलात, कशासाठी शिकावं लागलं आणि ते नेमकं करतात कसं, हे सांगा. वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे.

सुरुवात माझ्यापासून. मी मोडी वाचते.

माझ्या आजोळी लाकडी पेटीत खरेदीखतं, वाटणीपत्रं आणि हिशेबाचे कागद होते. आजोबा गेल्यावर घरात ते वाचणारं कुणी उरलं नाही. मामांनी पेटी रद्दीत घालायची ठरवली, तेव्हा मी ती मागून घेतली आणि पुण्यात मोडीच्या वर्गाला नाव घातलं.

अक्षरं महिन्याभरात ओळखता येतात. खरी अडचण पुढे सुरू होते. मोडी लिहिताना आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं जोडत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे संपला हे डोळ्यांना दिसत नाही, ते अर्थावरून ठरवावं लागतं. अर्थ लागायला त्या काळची कागदाची भाषा माहीत हवी. ‘जाणिजे’, ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सुद’ असे ठरलेले शब्द आधी शोधायचे. ते सापडले की कागदाचा सांगाडा कळतो आणि मधला मजकूर हळूहळू सुटत जातो.

सगळ्यात जास्त विचारणा तारखांबद्दल होते. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन, ही त्या काळची कालगणना, असतो, तोही अरबी अंकशब्दांत आणि एककापासून सुरू होणारा. इहिदे म्हणजे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. सितैन ६०, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६००. १४ जानेवारी १७६१चं पानिपत या ११६१ सनातलं.

आता तुम्ही लिहा.

करवीर तालुक्यातून

आमचं गुऱ्हाळ होतं, आणि मला गुळाचा पाक कळतो. आता मी पुण्यात नोकरी करतो, पण हंगामात गावाकडून अजून फोन येतो.

गुऱ्हाळावर गुळव्याच्या, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराच्या, शब्दाला मालकाच्या शब्दापेक्षा जास्त मान. आमच्याकडे जे काका गुळव्या होते, त्यांच्याजवळ मी शाळकरी वयापासून बसायचो. त्यांनी मला समोर बसवून कधी काही शिकवलं नाही. ते फक्त म्हणायचे, “बुडबुडं बघ की लेका.” रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पडल्यावर आधी मळी वर येते. रानभेंडीचा चिकट रस घातला की ती एकत्र बांधून येते आणि झाऱ्यानं काढता येते. चुन्याची निवळी किती घालायची हे रसावर ठरतं. मळी निघाली की मोठी उकळी, फेस काठापर्यंत चढतो. मग फेस बसतो, बुडबुडे लहान आणि जड होतात, फुटताना आवाज बदलतो. काकवी काढायची तर १०५ अंशांच्या आसपास काढतात. ढेपेचा गूळ ११८च्या जवळ उतरतो. तिथं दोन अंश इकडेतिकडे झाले तर गूळ मऊ राहतो नाहीतर करपतो.

काकांकडे थर्मामीटर नव्हता. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळायची आणि ती काहिलीच्या काठावर मारायची. टण्ण आवाज आला की काहील उतरवायची. मी पुढे थर्मामीटर लावून ताडून पाहिलं. काकांची गोळी आणि काटा एकाच ठिकाणी येत होते. तेव्हापासून अशा माणसांना ‘अडाणी’ म्हणणाऱ्याशी मी वाद घालतो.

अजून एक. गुळाची निम्मी प्रत शेतातच ठरलेली असते. चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या, जमिनीतला किंवा युरिया भरमसाट दिलेला ऊस असला, तर कितीही चांगला गुळव्या असू दे, गूळ पावसाळ्यात पाझरतो.

मुंबईहून विचारणा

दादा, दुकानात उभं राहून चांगला गूळ कसा ओळखायचा?

करवीर तालुक्यातून

ताई, फार पिवळाधमक, उजळ गूळ घेऊ नका. रंग उजळावा म्हणून बरेच जण हायड्रॉस पावडर वापरतात. तांबूस-तपकिरी घ्या. चिमटीत फोडून बघा, कणीदार तुटला पाहिजे. जिभेवर खारट लागला तर ऊस खारवट जमिनीतला आहे.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठावरून

मला भरती-सुकतीची, म्हणजे भरती-ओहोटीची, वेळ तोंडी सांगता येते. आतेनं शिकवलं. ती तिसऱ्या, मुळे, कालवं काढायला जायची आणि तिला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण तिथी कधी चुकायची नाही.

हिशेब असा. तिथीला तिनानं गुणा, चारानं भागा. आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, तशीच रात्रीही. साधारण सहा तास मागे गेलात की सुकती, म्हणजे सकाळी पावणेदहा. अष्टमीला भरती सहाच्या आसपास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्याला हा ठोकताळा लागू पडतो, दुसऱ्या समुद्राला लावू नका.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती मागे जाईल. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे. तेव्हा भरती मोठी आणि सुकतीही मोठी, खडक पार उघडे पडतात. कालवं फोडायची तर तेव्हाच. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, पाणी चढतही नाही आणि धड उतरतही नाही. आते त्या दिवसांत जाळी शिवायची.

पर्यटक सुकतीला चालत लांबच्या खडकावर जातात आणि फोटो काढत बसतात. पाणी आधी मागच्या बाजूच्या सखल भागात भरतं, परतीची वाट बंद होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कृपा करून जाण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारा. कुणीही सांगेल.

बडोद्याहून

मोडीवाल्या ताईंना विचारायचं होतं. आमच्या घरच्या एका कागदावर ‘सन तिसा तिसैन मया व अलफ’ आहे. मोडी येणाऱ्या एका स्नेह्यांनी एवढंच लावून दिलं. वर्ष कोणतं?

धागाकर्ती

तिसा ९, तिसैन ९०, मया १००, अलफ १०००. ११९९. म्हणजे जून १७९८ ते जून १७९९. सनाच्या पुढे ‘छ’, म्हणजे चंद्राच्या तारखेची खूण, आणि मुसलमानी महिन्याचं नाव, मोहरम, सफर, रमजान असं काही असेल. ते मिळालं तर दिवससुद्धा काढता येईल.

सातारा जिल्ह्यातून

मी सातबारा वाचते. ऐकायला साधं वाटेल, पण आमच्या भागातल्या बायका लांबून माझ्याकडे उतारे घेऊन येतात, आणि त्यामागे कारण आहे.

वडील वारल्यावर भावांनी कागदावर सह्या मागितल्या. “वारस नोंदीसाठी लागतात” म्हणाले. मी कागद वाचायला घरी नेते म्हटलं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे बदलले. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. त्या रात्रीपासून मी शिकायला लागले. तलाठी कार्यालयात बसून शिकले, एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांना भंडावून सोडून शिकले.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर, किती, भोगवटादार (म्हणजे जमीन धारण करणारा) वर्ग एक की दोन. बारामध्ये पीकपाणी. तो वाचताना मी मालकाच्या नावापासून सुरुवात करत नाही. आधी फेरफार क्रमांक बघते. प्रत्येक नाव कोणत्या फेरफारानं आलं आणि कोणत्या फेरफारानं गेलं, हे त्या आकड्यांत असतं. ज्या नावाला कंस आहे ते कमी झालेलं नाव. मग तो फेरफार, म्हणजे नमुना ६, काढायचा. तिथे कारण लिहिलेलं असतं: वारस, वाटप, खरेदी, बक्षीस, हक्कसोड. दहा ओळींत घराण्याचा इतिहास असतो.

बायांनो, एक गोष्ट आवर्जून बघा. पुष्कळ जुन्या उताऱ्यांत भावांची नावं भोगवटादार म्हणून आणि बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात असतात. नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका, कोणत्या रकान्यात आहे ते बघा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नव्हते म्हणून हक्क नाही, असं सांगणारे अजूनही भेटतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये तो प्रश्न निकाली काढला आहे, वडील तेव्हा हयात असणं गरजेचं नाही. २० डिसेंबर २००४च्या आधी नोंदणी होऊन झालेली वाटणी मात्र मोडता येत नाही, म्हणून तारखा नीट बघा.

हक्क सोडायचा तर खुशाल सोडा, तो तुमचा निर्णय. पण वाचून सोडा. मी येणाऱ्या प्रत्येकीला कागद मोठ्यानं वाचून दाखवते आणि मगच माझं मत सांगते. भाऊ आता बोलत नाहीत. माझं नाव भोगवटादार रकान्यात आहे.

शहापूरहून

मी लिहितो थोडंच. मला शेवळं, ही पावसाळी रानभाजी, निवडता येतात. पहिल्या पावसाच्या सुमारास आमच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बाया शेवळं आणतात, सोबत काकडं ठेवतात. लोक शेवळं घेतात, काकडं ‘आंबट फळ कशाला’ म्हणून सोडतात, आणि मग घसा खाजतो. काकडांशिवाय शेवळं शिजवायची नाहीत. नाहीच मिळाली तर चिंच भरपूर. शेवळाची बाहेरची पात काढा, आतल्या दांड्याचा पिवळट भाग काढून टाका, हाताला तेल लावूनच चिरा. मला हे ज्या मावशींनी शिकवलं, त्या आधी घेणाऱ्याला विचारायच्या, “निवडता येतं का?” नाही म्हटलं तर तिथेच बसून दाखवायच्या. ओलं खोबरं, वाल किंवा कोलंबी घालून करा.

नाशिकहून

अंध विद्यार्थ्यांना आलेख आणि आकृत्या वाचून दाखवणं, हे माझं काम. पगाराचं नाही, मनापासूनचं.

कॉलेजात असताना एका अंध मुलीच्या परीक्षेला लेखनिक म्हणून गेले होते. पेपरात आलेख आला आणि मी “इथून वर जातो, मग खाली येतो” असं सांगायला लागले. त्या मुलीनं मला शांतपणे थांबवलं. आधी आडवा अक्ष काय, उभा अक्ष काय, कुठून कुठपर्यंत, ते सांग म्हणाली. मग सुरुवातीचा बिंदू, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा, शेवटचा. त्यानंतरच आकार. तिनं दिलेला तो क्रम मी आजही वापरते. नकाशाचंही तसंच, आधी दिशा आणि सीमा, मग आतला तपशील.

पुढे ब्रेल शिकले. सहा टिंबांत सगळं बसतं, आणि भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमुळे मराठीतला ‘क’ आणि इंग्रजीतला ‘के’ एकाच खुणेनं लिहितात. पाटी आणि टोच्यानं लिहिताना उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं, कारण कागद उलटल्यावर उठाव दुसऱ्या बाजूनं वाचायचा असतो.

लेखनिक म्हणून जाणाऱ्यांना सांगते: प्रश्न दोनदा वाचा, दोन्ही वेळा शब्द तेच ठेवा. स्वतःच्या शब्दांत सोपा करायला जाऊ नका. परीक्षा त्यांची आहे.

न्यू जर्सीहून

तानपुऱ्याची जवारी लावतो, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवतो. इथे गाणं शिकवणाऱ्या मराठी घरांत मिरजेचे तानपुरे आहेत, पण जवारी काढणारा कारागीर नाही. माझ्या बायकोचा तानपुरा बोलेनासा झाला तेव्हा सुट्टीत मिरजेला गेलो आणि एका कारागिरांच्या दुकानात बसायची परवानगी मागितली. त्यांनी पहिल्या दिवशी कानस हातात दिलीच नाही. नुसतं ऐकायला लावलं, तारेचा आवाज उघडा आहे की बंद.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात वाढतो, पण आवाज घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या हाडाच्या पट्टीवर, घडतो. घोडीचा माथा सपाट दिसतो, प्रत्यक्षात त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उताराला निसटती टेकते, म्हणून तिच्यातले वरचे स्वर खुलतात. वाजवून वाजवून घोडीत खाच पडली की आवाज बसतो. मग घासून तो उतार पुन्हा आणावा लागतो, आणि एकदा गेलेलं हाड परत येत नाही, म्हणून घाई करायची नाही.

टोरांटोहून विचारणा

आमच्या तानपुऱ्याचा जोडीच्या तारांचा आवाज छान आहे, पण खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची तार, मेल्यासारखा. घरी काही करता येईल का?

न्यू जर्सीहून

करता येईल. आधी खर्ज नीट स्वरात लावा. मग तारेखालचं सूत (बारीक दोरा) घोडीवर अगदी थोडं थोडं पुढे-मागे सरकवा आणि दर वेळी छेडून ऐका. एका जागी आवाज एकदम उघडतो, तिथे थांबा आणि स्वर पुन्हा मिळवा. खर्जाच्या तारेला सूत थोडं जाड लागतं. कुठेच उघडला नाही तर घोडीत खाच आहे, कानस लावू नका, वाद्य माझ्याकडे आणा. आणि हिवाळ्यात घर तापवता तेव्हा खोलीत पाण्याचं भांडं किंवा ह्युमिडिफायर ठेवा, भोपळा कोरडा पडून तडकतो.