विसार घेऊन फसवणूक : तीन वर्षांनंतर फिर्याद चालते का?

प्रश्न
माझ्या मामांनी 2017 मध्ये एका प्लॉटसाठी विसार (आगाऊ रक्कम) देऊन साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) केले. 2023 मध्ये सातबारा काढला, तेव्हा ती जमीन साठेखताआधीच दुसऱ्याला विकली गेल्याचे फेरफारावरून दिसले. पोलीस ठाण्यात मात्र ‘तीन वर्षे उलटली, आता मुदत नाही’ असे सांगून परत पाठवण्यात आले. हे कायद्याला धरून आहे का?

प्रतिसाद १
नाही. फौजदारी मुदत गुन्ह्याच्या कमाल शिक्षेवरून ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम 514 नुसार केवळ दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असल्यास एक वर्ष आणि त्याहून अधिक पण तीन वर्षांपर्यंत कैद असल्यास तीन वर्षे अशी मर्यादा आहे. त्यापुढील गुन्ह्यांना या कलमाची मुदतच नाही. व्यवहार 1 जुलै 2024 पूर्वीचा, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू होण्याआधीचा असल्याने जुनी भारतीय दंड संहिता लागू होईल, आणि तिच्या फसवणुकीच्या कलम 420 मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आहे. ‘तीन वर्षे’ हा आकडा बहुधा दिवाणी वसुलीच्या मुदतीवरून आलेला असावा. ही गल्लत फार ठिकाणी होते.

प्रतिसाद २
विश्वासघाताचे जुने कलम 406 लावले, तर तेथे शिक्षा तीन वर्षांपर्यंतच असल्याने मुदतीचा प्रश्न येईल, नाही का?

प्रतिसाद १
एकटे लावले तर येईल. मात्र अनेक गुन्ह्यांची सुनावणी एकत्र होऊ शकत असेल, तर सर्वांत कडक शिक्षेच्या गुन्ह्यावरून मुदत ठरते. शिवाय गुन्हा फिर्यादीला किंवा पोलिसांना ठाऊकच नसेल, तर तो ज्या दिवशी यांपैकी कोणालाही प्रथम समजला, त्या दिवसापासून मुदत मोजतात. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दखल कधी घेतली हेही मोजणीत धरले जात नाही. तक्रार दाखल झाल्याची तारीख पाहतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सारा मॅथ्यू प्रकरणात ठरवले आणि नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्टीकरण म्हणून आले आहे.

प्रतिसाद ३
मुदत नसली तरी विलंबाचे कारण फिर्यादीतच लिहावे, कारण आरोपीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. साठेखत, विसाराची पावती, बँकेतील नोंद आणि फेरफाराची प्रत जोडावी. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी अर्ज करावा आणि तरीही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. पैसे परत मिळवण्याचा दावा मात्र वेगळा आहे आणि त्याची मुदत खरोखरच धावत असते. फसवणूक लपवलेली असल्यास ती उघड झाल्यापासून किंवा वाजवी दक्षतेने उघड होऊ शकली असती तेव्हापासून तीन वर्षे धरतात, त्यामुळे 2023 मधील नेमकी तारीख घेऊन याच आठवड्यात दिवाणी वकिलांना भेटा.